दोघांचा कोट

सोमवार, ४ सप्टेंबर

आमच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघंच, आणि टेबलावर एक गडद लाल कोट. बँडमध्ये मोठा ढोल वाजवणाऱ्या माणसाचा. माणूस अंगाने चांगलाच भरलेला. ह्यांनी त्याच्या छातीला टेप लावून मोठ्याने ‘एकोणपन्नास’ म्हटलं आणि मी मापाच्या वहीत, सिस्टरने वळण लावलेल्या सुबक इंग्रजी आकड्यांत, ५९ लिहिलं. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या मुलीला एकोणपन्नास म्हणजे पन्नास आणि वर नऊ असं वाटलं, तर तिचा काय दोष? ह्यांनी वहीवर भरवसा ठेवून कापड कापलं. ढोलवाल्याने कोट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “मास्टर, ढोल आत घालून वाजवायचा का?”

तो गेला आणि माझं रडू फुटायच्या बेतात होतं.  कोट उचलून ह्यांनी डाव्या बाहीत हात घातला, उजवी रिकामी ठेवली आणि म्हणाले, “ये, आत जागा आहे.” मी शिरले. सगळी बटणं लागली. आरशात दोन डोक्यांचा एक लाल प्राणी उभा होता आणि हसून हसून त्याचे चारही गुडघे वाकले होते.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. एक, हे आकडा फोडून सांगणार: चार-नऊ, पाच-नऊ. दुसरी, तुझी वही तुझी, माझी कात्री माझी. त्यांनी कापलेलं मी मोजायचं नाही, माझी वही आणि शिवण त्यांनी तपासायची नाही. छत्तीस वर्षांत आम्ही मिठावरून भांडलो, लेकीच्या शाळेवरून भांडलो, ह्यांच्या घोरण्यावरून तर दर आठवड्याला. दुकानात मात्र नाही.

हे आज लिहिते आहे, कारण ती दुसरी गोष्ट मी मोडली आहे, आणि सांगायला कुणी नाही.

गेल्या महिन्यात पोस्टातल्या काकांचं जाकीट शिवायला घेतलं, आणि का कोण जाणे, टेप लावून पाहिला. वहीत छाती ३४. कापड ३८च्या बेताने कापलेलं. चार इंचांचा फरक! मी मुकाट्याने बाजूच्या शिवणी आत घेतल्या. काका आले, तर बटण काजापर्यंत पोचेना. हे लगेच म्हणाले, “माझंच चुकलं असणार काका, परवा या.” मग बराच वेळ टेप हातात धरून उभे राहिले.

म्हणजे माप सांगताना चुकले, आणि कापताना वहीत बघायलाही विसरले. हल्ली बोलतातही तोंडातल्या तोंडात. दीड वर्षापूर्वी अचानक मिशी काढून टाकली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तीस वर्षांची मिशी कुणी उगाच काढतं का? मी त्यांना सोललेला बटाटा म्हणाले होते. तेव्हा गंमत वाटली, आता वाटत नाही.

गुडघे दुखताहेत. झोपते.


शनिवार, ९ सप्टेंबर

बँडची मापं झाली. चौदा माणसं, चौदा कोट, आणि दुकानात उभं राहायला जागा पाच जणांना. आताचा बँडमास्तर हा त्या ढोलवाल्याचा मुलगा. आल्या आल्या म्हणाला, “वहिनी, आमच्या वडिलांना तुम्ही तंबू शिवून दिला होतात म्हणे.”

“दिला कुठे? परत घेतला,” हे म्हणाले. “अजून घरी आहे. पाहुणे जास्त झाले की उपयोगी पडेल.”

सगळे हसले. तेवढं अर्धं मिनिट मला जुने मास्टर दिसले.

मग सुरू झालं. हे गिऱ्हाइकाला पाठ करून माझ्याकडे तोंड करतात आणि मगच आकडा सांगतात. ही नवीन तऱ्हा. माणसाच्या छातीला टेप, आणि मास्टर बघणार बायकोकडे! एक बासरीवाला म्हणालासुद्धा, “मास्टर, माप माझं घेताय ना?” त्यात त्या लोकांची आपसात बडबड, कुणी शिट्टीवर चाल बसवतोय. मी मान खाली घालून, अगदी कान देऊन लिहिलं. या वेळी वही चुकलेली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

घरी निघालो. मी विचारलं, “दमलात?” ते काहीतरी म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.


सोमवार, ११ सप्टेंबर

दुपारी लेकीचा फोन. तिच्या फोनला हल्ली खरखर असते. तीनदा ‘काय?’ म्हटलं की ती ओरडून बोलते आणि मग म्हणते, “मी ओरडत नाहीये, आई.”

शेवटी मी तिला सांगितलं. बाबांचा हात चळतोय, आकडे विसरताहेत, स्वतःला ते कळतही नसावं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हा बँडच्या कोटांचा पसारा संपू दे. तो नीट पार पडला तर ठीक. नाही तर त्यांच्या हातातून कात्री काढून घ्यायची. कुणाला लागलं, कापलं तर? तू सांगशील की मी सांगू?”

“मी सांगेन,” म्हटलं.

सांगेन म्हणणं सोपं. चौदा वर्षांचे असल्यापासून त्यांच्या हातात ती कात्री आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तिचा घट्टा आहे. झोपेत माझ्या दंडावर हात पडला की तो आधी लागतो. तो हात रिकामा कसा दिसेल, हे मला डोळ्यांपुढे आणता येत नाही.


गुरुवार, १४ सप्टेंबर

कापलेले कोट माझ्याकडे शिवायला आले. मी एकेक मोजला. चौदापैकी पाच वहीशी जुळत नाहीत. बँडमास्तराचा स्वतःचा वहीत ४४, कापलाय ४८चा. एकाचा उलट: वहीत ४७, कापड ४४चं.

काजवाली समोर बसली होती. ही आमच्याकडे काज-बटण करायला येते त्याला आता अकरा वर्षं झाली, मुलीसारखीच. ती म्हणाली, “काकू, काय मोजताय?” मी म्हटलं, “काही नाही, अस्तराचा अंदाज घेते.” ती माझ्याकडे बघत राहिली, मग सुईत दोरा ओवायला लागली. दोरा सुईत आधीच होता.

दुपारी हे आतल्या बाकावर आडवे होतात तेवढा तासभर माझा. चार कोट शिवणीत आत घेतले, पाचव्याचं शिवणीत राखलेलं कापड होतं तेवढं बाहेर काढलं. कापायचं काही नाही, नुसतं दुमडायचं. उद्या कुणाला कळायलाही नको. बायकोने एवढं तरी झाकावं.

बोटं आखडली आहेत. पेन धरवत नाही.


शनिवार, १६ सप्टेंबर

ह्यांनी नवीन टेप आणला. मी म्हटलं, “जुन्याला काय झालंय?” म्हणाले, “ताणला गेलाय.” मग दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तासभर बघत होते. दोन्ही सारखेच होते.


गुरुवार, २१ सप्टेंबर

ट्रायल झाली. ज्याची भीती होती तेच.

नऊ कोट असे बसले की माणसं आरशापुढून हलेनात. पाच बसले नाहीत. माझे पाच. बँडमास्तराने पोट आत ओढून दोन बटणं लावली आणि श्वास कोंडून म्हणाला, “मास्टर, मला फुंकायचं असतं हो. एक सूर लावला की बटण पहिल्या रांगेत जाऊन पडेल.” पोरं हसली, पण तो हसत नव्हता. आठ ऑक्टोबरला बागेतल्या चौथऱ्यावर कार्यक्रम आहे, गावातले सगळे बडे लोक यायचे आहेत.

आणि हे? ह्यांनी वहीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाले, “माझी चूक. हात बिघडलाय माझा. वेळेत करून देतो, शब्द देतो.”

चौदा माणसांपुढे. माझ्या नवऱ्याने.

मी वही छातीशी धरून बसले होते. वाटलं होतं, त्यांनी कबूल केलं की मला सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही.

परतताना रस्त्यात त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं, समोर उभे राहिले आणि म्हणाले, “लेकीने काल फोन केला होता. ती म्हणते ते बरोबर आहे. हे कोट झाले की कात्री ठेवतो.”

मी ‘बरं’ म्हटलं. छत्तीस वर्षांच्या संसारात इतका वाईट शब्द मी कधी उच्चारला नव्हता.

जेवण कुणालाच गेलं नाही.


शुक्रवार, २२ सप्टेंबर

हे सकाळी कापडवाल्याकडे गेले. पाचव्या कोटाला अस्तर कमी पडत होतं म्हणून मी स्टूल घेऊन वरचं कपाट उघडलं. ते कपाट ह्यांचं. माझा हात पोचत नाही, म्हणून मी कधी उघडत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत खडूने मापं लिहिलेली. मराठी आकडे, ह्यांचं जाडजूड अक्षर. वर दोन रकाने. एकावर लिहिलंय ‘बाईंचं’, दुसऱ्यावर ‘अंगाचं’.

बाई म्हणजे मी. भांडण असलं की हे मला बाई म्हणतात.

बँडची चौदा नावं सगळ्यात खाली होती. नऊ ओळींत दोन्ही रकाने सारखे. पाच ओळींत वेगळे. बँडमास्तर: बाईंचं ४४, अंगाचं ४८. त्याच्या वर पोस्टातले काका: ३४, ३८. त्याच्याही वर, पुसट होत गेलेली, किती तरी जुनी नावं. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका शिक्षिकेचं नावसुद्धा. तिचा शेवटचा झगा आमच्याकडेच शिवला होता.

पहिल्यांदा आला तो राग. दोन वर्षं हा माणूस माझ्या वहीच्या मागे चोरून दुसरी वही ठेवतो! तुझी वही तुझी म्हणे! मी बसते, सुबक अक्षर काढते, आणि तिकडे कपाटात माझी उजळणी तपासली जाते, शाळेतल्यासारखी. मी स्टुलावरून कशी उतरले मला माहीत नाही.

काजवाली उभी होती. तिचं तोंड बघूनच कळलं.

“तुला माहीत होतं?”

ती म्हणाली, “काकू, बसा आधी.”

“माझ्या मागे जाऊन उभी राहा. आणि आकडे म्हण. मास्टर म्हणतात तसे.”

“काकू, नको ना.”

“म्हण म्हणते ना.”

मी भिंतीकडे तोंड करून बसले, कागद घेतला. ती दहा मापं आपल्या कागदावर लिहीत म्हणाली. मी दहा लिहिली. मग वळून तिच्या कागदाशी ताडून पाहिली. सहा चुकली होती.

चार, सात, आठ. मला तिन्ही सारखेच ऐकू येतात. नुसता एक ‘आ’ येतो, पुढचंमागचं सगळं गळून पडलेलं. आणि मी त्या ‘आ’वरून आकडा बेतत होते, अगदी ठामपणे, सुबक अक्षरात.

लेकीचा फोन खरखरत नव्हता. हे तोंडातल्या तोंडात बोलत नव्हते. गिऱ्हाइकाला पाठ करून माझ्याकडे तोंड... आणि मिशी! अरे देवा, ती मिशी!

काजवाली रडायला लागली. म्हणाली, “माझ्या आजीला ओठ बघून कळायचं, असं मी मास्टरांना बोलले होते. दुसऱ्या दिवशी मिशी नव्हती.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्या डोक्यात तिसरीच गोष्ट शिरली. त्यांचे कोट बरोबर होते. चौदाच्या चौदा. पाच मी बिघडवले. आणि ते बिचारे टेप मोजत बसले होते.


शनिवार, २३ सप्टेंबर

काल सांगायचा धीर झाला नाही. आज सकाळी दुकान उघडल्यावर, काजवाली यायच्या आत, मी बँडमास्तराचा कोट त्यांच्यापुढे उलटा पसरला आणि शिवण दाखवली.

त्यांनी बोटाने चाचपलं. चष्मा काढला, घातला.

“हे कुणी आत घेतलं?”

“मी. वहीत ४४ होतं.”

“कधी?”

“तुम्ही दुपारी झोपायचात तेव्हा. बाकीचे चारही. आणि काकांचं जाकीट. मला वाटलं, तुमचा हात...”

मला वाटलं, ओरडतील. मला तर ते हवंच होतं. ते स्टुलावर बसले, हळूच, म्हातारी माणसं बसतात तसे. मग माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “म्हणजे माझा हात चुकला नव्हता?”

“नाही.”

“एकही?”

“एकही नाही.”

त्यांनी उजवा हात समोर धरून बघितला, उलटा, सुलटा. महिनाभर हरवलेली वस्तू सापडावी तसा. “मी म्हटलं, संपलं आता. रोज सकाळी दात घासताना बघायचो, थरथरतोय का म्हणून.”

 मग मीच चिडले; मला रडण्यापेक्षा ते बरं जमतं. “आणि तुम्ही? दोन वर्षं? दारावर ‘बाईंचं’ म्हणून लिहिताना लाज नाही वाटली? मला सांगायचं नाही?”

“काय सांगायचं? तू बहिरी होत चालली आहेस?”

“हो, तेच.”

“आणि मग तू वही बंद केली असतीस. तुला मी ओळखत नाही का? दुसऱ्या दिवसापासून घरी. मग मी आकडे कुणाला सांगू? भिंतीला?”

मी म्हटलं, “आणि चौदा माणसांसमोर माझी चूक, माझी चूक काय लावलं होतंत? तुमचं कपाटात लिहिलेलं होतं ना बरोबर?”

“लिहिलेलं बरोबर होतं गं. मला वाटलं, कापलेलं चुकलं.” मग जरा थांबून, “आणि समज, तसं वाटलं नसतं, तरी काय म्हणणार होतो? बाईंना ऐकू येत नाही? त्या बासरीवाल्यासमोर?”

 रस्त्यावर कुणी शटर वर केलं. ते मला दिसलं, ऐकू आलं नाही. हे आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

“मिशी परत ठेवा,” मी म्हटलं.

“का? सोललेला बटाटा चांगला दिसत नाही?”

“ते तुमच्या लक्षात आहे?”

“तू तेव्हा अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होतीस. तुझं बोलणं ऐकायला मला कधीच त्रास नव्हता.”

काजवाली आली तेव्हा आम्ही दोघं हसत होतो, आणि माझा पदर पूर्ण ओला होता. ती दारातूनच म्हणाली, “मी जरा दोरे आणते,” आणि पळाली. तिच्या पिशवीतून दोऱ्यांची चार रिळं डोकावत होती.


सोमवार, २ ऑक्टोबर

उसवणं हे शिवण्यापेक्षा कंटाळवाणं काम. पाच कोट, दहा शिवणी. मी दोरा कापायची, हे कापड धरायचे. दुपारची झोप त्यांनी स्वतःहून सोडली. एका कोटाचं कापड मी आत घेताना फार दाबून इस्त्री केली होती, वळ जाईना. त्यांनी ओलं फडकं टाकून, सात वेळा वाफ देऊन तो काढला. एकदाही ‘तू असं का केलंस’ म्हणाले नाहीत. हे त्यांचं मोठेपण, की नुसता थकवा, ते सांगता येत नाही. या वयात दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं.

लेकीला फोन केला. तिला म्हटलं, “बाबांचा हात उत्तम आहे. कान माझा गेलाय.” ती म्हणाली, “आई, ते मला वर्षभर माहीत आहे. तुला सांगायची सोय आहे का?” मग तीही रडली. एकूण रडारडीचा महिना आहे.

“बाबांना दे,” म्हणाली. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कात्री माझ्याकडेच आहे. तू तुझं काम बघ.” बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. ऐकला म्हणजे, बघितला.


रविवार, ८ ऑक्टोबर

चौदा लाल कोट चौथऱ्यावर. आम्ही मागच्या बाकावर. सूर माझ्यापर्यंत तुटक येत होते, मधले मधले खांब पडलेल्या कुंपणासारखे. ढोल मात्र पोटात ऐकू आला. बँडमास्तराने शेवटचा लांब सूर धरला तेव्हा ह्यांनी माझा गुडघा दाबला आणि डोळ्यांनी त्याच्या बटणांकडे दाखवलं.

सगळी जागच्या जागी.


रविवार, १२ नोव्हेंबर

कानाचं मशीन बसवून आठवडा झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पहिले दिवस जड जातील. पिशव्यांचा आवाज, नळाचा आवाज, माझ्या स्वतःच्या चपलांचा आवाज. संध्याकाळी डोकं ठणकतं.

काल टेबलाशी बसले होते आणि खसखस असा लांब, सलग आवाज आला. मान वर केली तर हे कापड कापत होते. हा आवाज मी किती वर्षं ऐकला नव्हता, आणि ऐकत नाही हेसुद्धा विसरले होते. नवीन लग्न झालेलं असताना याच आवाजावर मला दुपारी डुलकी लागायची.

घोरणंही ऐकू येतं. त्यासाठी मशीन काढून ठेवायची सोय आहे. हे म्हणतात, “हे बरं आहे, तुला बटण आहे. मला नाही.”

मापं आता दोघं लिहितो. ते सांगतात, मी लिहिते, मग वही त्यांच्याकडे फिरवते, ते मान हलवतात. एका मापाला दुप्पट वेळ. दिवसाला दोनच गिऱ्हाइकं जमतात. त्यांच्या मांड्या भरून येतात, माझी पाठ. बरोबर शिवलं जातं, पण बरोबर शिवून झाल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो, आणि आधी कोण उठणार याची वाट बघतो.


शनिवार, २७ जानेवारी

ठरलं. महिनाअखेरीला दुकान सोडायचं. या वेळी कुणी कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. जेवताना हे म्हणाले, “पुरे का?” मी म्हटलं, “पुरे.” आणि दोघांनी वाढून घेतलं. कुणी विचारलं की कुणामुळे बंद केलं, तर एकच उत्तर द्यायचं: दोघं दमले. हे लेकीने नीट लक्षात ठेवावं, तिला एकाची बाजू घ्यायची सवय आहे.

कुणाला काय जायचं, ते लिहून ठेव, असं ह्यांनी सांगितलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. म्हणून लिहिते.

दुकान काजवाली चालवणार. दोन्ही मशिनं, इस्त्री, आरसा आणि टेबल तिला. टेबलाचा डावा पाय आखूड आहे, त्याखालची पुठ्ठ्याची घडी काढू नये. मोठी कात्रीही तिलाच. ह्यांनी काल स्वतः धार लावून, फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. ती वाकून नमस्कार करायला गेली तर म्हणाले, “आधी सरळ रेषेत कापून दाखव.” तिने कापून दाखवलं. तिला कोणीही काजवाली म्हणू नये आता. मास्टर म्हणावं.

छोटी कात्री ह्यांच्याकडे राहील. नखं काढायला म्हणतात; काढू देत.

खाकी कागदाचे सगळे फर्मे, म्हणजे कापायच्या बेताचे नमुने, बँडमास्तराला, त्याच्या माणसांचे त्यात आहेत. पुढे कुठेही शिवून घेतले तरी कामी येतील. अंगं वाढली तर आमचा इलाज नाही.

जुना टेप आणि नवा टेप, दोन्ही लेकीला. दोन्ही सारखेच आहेत, हे तिने स्वतः एकदा शेजारी ठेवून पाहावं आणि मग आपल्या नवऱ्याशी भांडायला जावं.

मापाच्या वह्या, छत्तीस वर्षांच्या, रद्दीत. शेवटच्या दोन तर आधी. कपाटाचं दार मात्र मी सुताराकडून काढवून घेतलं आहे, खडू पुसू न देता. ते माझं. कुणाला दाखवायचं नाही. नव्या मास्टरला कपाटाला नवीन दार लागेल, ते आमच्याकडून.

सोन्याचं काय ते लेकीला माहीत आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. ही डायरी ह्यांना, मी गेल्यावर. आधी वाचायला मागितली तर देऊ नये, मागतील.

राहिला लाल कोट. छाती पाच-नऊ. त्याला कीड लागलेली नाही, मी आज उन्हात घालून पाहिला. म्हणजे आम्ही दोघांनी पाहिला, गच्चीत, कुणी बघत नाही असं बघून. आता सगळी बटणं लागत नाहीत. खालची दोन राहतात. हे म्हणाले, “वहीत काय लिहायचं?” मी म्हटलं, “जे अंगाचं आहे ते.”

तो कोट लेकीला नको, बँडलाही नको. आमच्यातला जो मागे राहील त्याला तो द्यावा. एकट्याला फार ढगळ होईल. पण आत घेऊ नये.